मोटारसायकलचा दुसरा दिवा

कॅल्शियम कार्बाइड आपल्याकडे बदनाम आहे तो आंब्यांमुळे. बंदी असूनही अढीत त्याच्या पुड्या सापडतात. पण मोटारसायकलच्या दिव्यांचा मागोवा घ्यायला बसलं की पहिल्याच पानावर हाच कार्बाइड भेटतो. 1892 साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात थॉमस विल्सन विजेच्या भट्टीत वेगळाच धातू मिळवण्याच्या खटपटीत होता आणि हाती आला तो कार्बाइड. त्याच वर्षी फ्रान्समध्ये आंरी मुआसाँ या रसायनशास्त्रज्ञानेही तो स्वतंत्रपणे बनवला. कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू निघतो, आणि त्याची ज्योत रॉकेलच्या दिव्यापेक्षा कितीतरी पांढरी आणि तेजस्वी असते. विसावं शतक उजाडेपर्यंत हा दिवा सायकलींवर आला होता आणि सायकलीवरून तो मोटारसायकलवर चढला.

त्याची रचना साधी होती. वरच्या डब्यात पाणी, खालच्या डब्यात कार्बाइडचे खडे, मधे थेंब थेंब पाणी सोडणारी चावी. तयार झालेला वायू रबरी नळीतून दिव्यात जाई आणि स्वार खाली उतरून काडी ओढून तो पेटवी. चावी बंद केली तरी आत भिजलेला कार्बाइड वायू सोडतच राही, त्यामुळे हा दिवा हवा तेव्हा विझत नसे. खड्ड्यात गाडी आदळली की जादा पाणी खाली सांडून ज्योत भडके. कडाक्याच्या थंडीत पाणीच गोठे. प्रवास संपला की डब्यात उरलेला चुन्याचा लगदा खरवडून काढावा लागे. एवढा सगळा व्याप करूनही मिळे तो एकच दिवा. दुसरा लावायचा तर दुप्पट वायू हवा, म्हणजे दुप्पट खडे आणि दुप्पट पाणी. मोटारसायकलवरच्या जादा दिव्याची मुख्य अडचण तेव्हापासून तीच आहे: आणखी एक दिवा पोसायची ऐपत त्या यंत्रात असते का?

या व्यापातून काही प्रमाणात सुटका केली इंडियानापोलिसच्या प्रेस्ट-ओ-लाइट कंपनीने. 1904 साली कार्ल फिशर आणि जेम्स ॲलिसन यांनी ती उभी केली. पुढे इंडियानापोलिसची प्रसिद्ध मोटार शर्यतीची धावपट्टी उभारणाऱ्यांत हेच दोघे होते. ॲसिटिलीन नुसता दाबून भरला तर त्याचा स्फोट होतो. पण सच्छिद्र पदार्थाने भरलेल्या टाकीत ॲसिटोन ओतून त्यात वायू विरघळवला तर तो शांत राहतो. अशा भरलेल्या टाक्या दुकानात मिळू लागल्या. रिकामी द्यायची, भरलेली घ्यायची, आपल्या घरच्या गॅस सिलिंडरसारखं. 1910च्या दशकातल्या कित्येक अमेरिकन मोटारसायकलींवर ही लांबुळकी टाकी दिसते. मात्र ती भरणारे कारखाने सुरक्षित नव्हते. इंडियानापोलिसमध्येच त्यांचे स्फोट झाले. स्वीडनचा गुस्ताफ दालेन याच ॲसिटिलीनच्या साठवणीवर आणि दीपगृहांच्या स्वयंचलित दिव्यांवर काम करत होता. 1912 साली त्याला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि त्याच वर्षी एका प्रयोगातल्या स्फोटात त्याची दृष्टी गेली. समुद्रावरच्या हजारो खलाशांना रात्री वाट दाखवणाऱ्या माणसाने त्यासाठी मोजलेली ही किंमत आठवली की मला आजही गलबलून येतं.

1916 च्या उन्हाळ्यात ॲडलीन आणि ऑगस्टा व्हॅन ब्युरेन या बहिणी दोन इंडियन मोटारसायकलींवरून ब्रुकलिनहून निघाल्या आणि अमेरिका आडवी पार करून लॉस एंजेलिसला पोचल्या. युद्धात निरोप पोचवण्याचं काम बायकाही करू शकतात, हे त्यांना सैन्याला दाखवून द्यायचं होतं. त्यांच्या गाड्यांना गॅसचेच दिवे होते. सुमारे 5,500 मैलांचा प्रवास, बऱ्याच ठिकाणी चिखलाच्या वाटा, आणि पुढे ज्योतीचा एक गोल. हल्ली लांबच्या प्रवासाला निघताना आपण जे काही गाडीला लावतो, ते लावताना या दोघींची आठवण ठेवायला हरकत नाही.

वीज तोवर दाराशी येऊन ठेपली होती. बॉश कंपनीने 1913 साली दिवा, डायनॅमो, बॅटरी आणि रेग्युलेटर अशी संपूर्ण जोडणी बाजारात आणली. 1914 साली इंडियनने हेंडी स्पेशल या मॉडेलला विजेचे दिवे आणि चक्क विजेचा स्टार्टर दिला. बॅटऱ्यांनी दगा दिल्याने ते मॉडेल फसलं. पुढच्याच वर्षी हार्ले-डेव्हिडसनने विजेचे दिवे आणले आणि ते टिकले. इंग्लंडमध्ये लुकासने 1920च्या दशकात मॅग्नेटो आणि डायनॅमो एकाच खोक्यात बसवून मॅगडायनो काढला, आणि ब्रिटिश मोटारसायकलींवरून कार्बाइडचा डबा हळूहळू उतरला.

पण ती वीज होती सहा व्होल्टची आणि डायनॅमो लहान. इंजिन मंद फिरू लागलं की दिवा पिवळा पडे. म्हणून मोटारींवर जादा दिव्यांची रांग लागली तेव्हाही मोटारसायकलवर एकच हेडलाइट राहिला. अपवाद होते ते मोठ्या इंजिनांच्या, जड अमेरिकन गाड्यांचे. पोलिसांना पाठलागासाठी वेगळे दिवे लागत, त्यासाठी जास्तीची वीज पुरवावी लागे, आणि पोलिसांसाठी जे बनलं ते लांब फिरणाऱ्या हौशी लोकांनी उचललं. 1950च्या दशकातल्या हार्लेच्या जड गाड्यांवर मधल्या हेडलाइटच्या दोन्ही बाजूंना छोटे दोन दिवे दिसू लागतात. समोरून वाहन येताना मोठा झोत खाली केला तरी रस्त्याची कड दिसत राहावी, हे त्यांचं काम. 1965 साली इलेक्ट्रा ग्लाइड आली, सहाची बारा व्होल्ट झाली, आणि हे तीन दिव्यांचं रूप प्रवासी मोटारसायकलचं ओळखचिन्हच बनलं. आजही रस्त्यावर लांबून तीन दिवे एका ओळीत दिसले की जाणकार गाडी ओळखतात.

आपल्याकडच्या वाचकाला इथे बुलेट आठवेल. हेडलाइटच्या वर, दोन्ही बाजूंना असलेले ते दोन इवलेसे डोळे. रॉयल एनफिल्डने 1954 साली हेडलाइट आणि हँडलचा वरचा भाग एकाच आवरणात घेतला तेव्हा ते आले, आणि 1955 पासून मद्रासमध्ये बुलेट जुळू लागली तेव्हा इथेही आले. ते रस्ता उजळण्यासाठी नव्हतेच. अंधारात उभी केलेली गाडी इतरांना दिसावी, एवढ्यासाठी ते होते. तरी आपल्याकडे पिढ्यानपिढ्या मुलांनी कागदावर बुलेट काढली ती या दोन डोळ्यांसकट. गाडीच्या तोंडावर तीन दिवे शोभतात ही कल्पना आपल्या मनात रुजली ती बहुधा इथूनच, असं मला वाटतं. पुढे लोकांनी लेग गार्डवर दिवे लावायला सुरुवात केली तेव्हा नजरेला ते परके वाटले नाहीत.

शोभेसाठी दिवे लावण्याची दुसरी एक परंपरा इंग्लंडमधली. 1960च्या दशकात तिथली तरुण मुलं व्हेस्पा आणि लॅम्ब्रेटा स्कूटरना पुढून डझनावारी आरसे आणि दिवे लावत. त्यातले बरेच दिवे कधी एकत्र पेटवताच येत नसत, स्कूटरकडे तेवढी वीजच नव्हती. त्या फॅशनने रस्त्यावरच्या प्रकाशात काही भर घातली नाही, म्हणून तिला इथेच सोडतो.

खरी उडी घेतली ती काचेच्या बल्बने. साध्या बल्बची तार तापते, तिच्यातलं टंगस्टन हळूहळू उडून काचेवर बसतं, काच काळवंडते आणि प्रकाश मंदावतो. बल्बमध्ये थोडं आयोडिन भरलं तर उडालेलं टंगस्टन परत तारेवर येऊन बसतं. मग तार आणखी तापवता येते, प्रकाश वाढतो आणि तरीही बल्ब टिकतो. त्या उष्णतेला साधी काच टिकत नाही, म्हणून क्वार्ट्झची काच लागते. हॅलोजन दिवा तो हाच. 1962 साली युरोपात एच-1 हा मोटारींसाठीचा पहिला हॅलोजन बल्ब आला. त्यात एक मोठी उणीव होती: आत तार एकच. म्हणजे तो एक तर अप्पर, नाही तर डिपर. एका बल्बातून दोन्ही काढता येत नव्हतं.

या उणिवेवरून 1966 च्या जानेवारीत मोठं वादळ उठलं. माँटे कार्लो रॅलीत टिमो मॅकिनेन, राउनो आल्टोनेन आणि पॅडी हॉपकर्क हे तिघे मिनी कूपर घेऊन पहिले तीन आले. चौथा रॉजर क्लार्क, फोर्डच्या लोटस कॉर्टिनामध्ये. तपासणीत चौघेही बाद ठरले, कारण दिवे. मिनीच्या हेडलाइटमध्ये एका तारेचे क्वार्ट्झ-आयोडिन बल्ब होते. डिपर मारला की हेडलाइट विझत आणि त्यांच्या जागी खाली बसवलेले फॉग लॅम्प लागत. आयोजकांचं म्हणणं पडलं की डिपर हा नियमाने हेडलाइटमधूनच यायला हवा. विजेतेपद गेलं सिट्रोएन चालवणाऱ्या पाउली टॉइव्होनेनकडे. ब्रिटिश वर्तमानपत्रं खवळली. फ्रेंचांनी फ्रेंच गाडी जिंकवली, असा आरोप झाला, आणि तो अजूनही होतो.

मला त्या निकालातला पक्षपात तपासण्यात रस नाही. त्या भांडणाच्या पोटात जो प्रश्न होता तो मोलाचा आहे. प्रकाश वाढवणं आता सोपं झालं होतं. पण तो प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांआधी कापायचा कुठे, आणि ते काम हेडलाइटने करायचं की जादा दिव्याने, हे ठरायचं होतं. 1971 साली एच-4 आला. त्यात दोन तारा, आणि डिपरच्या तारेखाली धातूची छोटीशी वाटी, जी वर जाणारा झोत अडवते. उत्तर मिळालं ते या वाटीतून. हॅलोजनची ताकद आणि प्रकाशाची स्वच्छ कापलेली वरची कड एका बल्बात आली. पुढची कित्येक दशकं जगभरच्या मोटारसायकलींनी याच एच-4 वर रात्री काढल्या, आपल्याकडच्यांनीही.

शर्यतींमुळे मोटारसायकलवर दोन दिवे शेजारी शेजारी आले ते वेगळ्या कारणाने. चोवीस तासांच्या शर्यतीत एक दिवा फुटला तर दुसरा हवा. डिसेंबर 1978 मध्ये पॅरिसहून पहिली डाकार रॅली सुटली, आणि तिच्यासाठी बनलेल्या यंत्रांवरून दोन गोल डोळ्यांचे चेहरे रस्त्यावरच्या गाड्यांना मिळाले. होंडाची आफ्रिका ट्विन 1988 ची. वाळवंटातून आलेल्या या उंच, लांब पल्ल्याच्या गाड्यांनीच पुढे प्रवासाची मोटारसायकल कशी दिसावी हे ठरवलं. 2004 साली युअन मॅग्रेगर आणि चार्ली बुर्मन या अभिनेत्यांनी बीएमडब्ल्यूच्या आर 1150 जीएस ॲडव्हेंचरवरून जगाला घातलेली फेरी टीव्हीवर आली, आणि पत्र्याच्या पेट्या आणि इंजिन गार्ड यांच्यासोबत जादा दिवेही जगभरच्या हौशी स्वारांच्या यादीत जाऊन बसले.

पण यादीत असणं वेगळं आणि गरज असणं वेगळं. मोटारसायकलला दुसऱ्या दिव्याची गरज मोटारीपेक्षा जास्त का, याचं खरं कारण ती झुकते हे आहे. मोटार वळणावर सपाट राहते. मोटारसायकल डावीकडे वळताना डावीकडे कलते, आणि तिच्यासोबत हेडलाइटचा झोतही कलतो. त्याची कापलेली वरची कड डावीकडे खाली येते आणि उजवीकडे वर उचलली जाते. म्हणजे ज्या आतल्या कडेकडे स्वाराला बघायचं आहे तिथेच अंधार, आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत प्रकाश. रात्री घाट उतरलेल्या कोणालाही हे माहीत आहे. वळणात शिरताना पुढचे काही मीटर अक्षरशः आठवणीवर काढावे लागतात. बीएमडब्ल्यूने 2011 साली के 1600 या गाडीवर आरशाच्या साहाय्याने झोत उलट फिरवून तो सपाट ठेवायची सोय दिली. नंतर इतर कंपन्यांनी गाडी कलली की वळणाच्या आतल्या बाजूचे वेगळे दिवे लावणाऱ्या यंत्रणा आणल्या. हे सगळं महागड्या गाड्यांवर. बाकीच्यांसाठी याचं साधं उत्तर म्हणजे खाली, दोन बाजूंना बसवलेले, रुंद पसरणारे दोन दिवे. गाडी कलली तरी त्यांचा पसारा आतली कड धरून ठेवतो.

दुसरं कारण गणिताचं. ताशी 80 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 22 मीटर. समोर काही दिसल्यावर ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद जातो, तेवढ्यात 33 मीटर संपले. मग कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण 35. म्हणजे एकूण जवळपास 70 मीटर. साध्या डिपरमध्ये रस्त्यावरची काळपट, न चकाकणारी वस्तू 50-60 मीटरवर कळली तरी नशीब. मधली तूट भरून काढायची तर वेग कमी करा किंवा प्रकाश लांब न्या. आणि प्रकाश दुप्पट अंतरावर न्यायचा तर तो चौपट लागतो.

अमेरिकेत ही तूट ज्यांनी सर्वांत गंभीरपणे घेतली ते आयर्न बट रॅलीवाले. 1984 साली पहिली रॅली झाली, काही दिवसांत हजारो मैल कापण्याची. तिच्यामागून उभ्या राहिलेल्या संघटनेची सॅडलसोर ही चोवीस तासांत हजार मैलांची, म्हणजे सुमारे 1,610 किलोमीटरची परीक्षा आज आपल्याकडचेही बरेच जण देतात. चोवीस तास म्हटले की एक अख्खी रात्र आलीच. तिथल्या स्वारांना भीती हरणांची. रस्त्याच्या कडेच्या झाडीतून हरीण उडी मारतं, म्हणून त्यांनी लांब पल्ल्याच्या दिव्यांसोबत कडेला पसरणारेही दिवे लावले.

आपल्याकडे हरणाच्या जागी काय आहे, हे सांगायला नको. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला मज्जाव, म्हणून लांबचा दुचाकीस्वार जातो तो ट्रक, गुरं आणि गावं असलेल्या रस्त्यांवरूनच. गळिताचा हंगाम सुरू झाला की सातारा, सांगली, कोल्हापूरच्या रस्त्यांवर उसाने भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या रात्रभर कारखान्याकडे चालत असतात. त्यांतल्या कितीतरींना मागे दिवा नाही, चकाकणारी पट्टीही नाही. अंधारात उसाच्या मोळ्यांचा ढीग रस्त्यासारखाच काळा दिसतो. पावसाळ्यात आंबोली आणि माळशेजचं धुकं वेगळंच. मला जादा दिव्यांचं मोल पटतं ते याच रस्त्यांमुळे. इथे ते चैनीची वस्तू मुळीच नाहीत.

तरीही आपल्या गाड्यांवर ते फार काळ आले नाहीत. कारण पुन्हा ऐपतीचं. हॅलोजनचे 55 वॅटचे दोन दिवे म्हणजे 110 वॅट, बारा व्होल्टवर नऊ अँपिअरच्या आसपास. ज्या जुन्या बुलेटचा हेडलाइटच 35 वॅटचा, तिच्या अल्टरनेटरने हे ओझं कुठून उचलायचं? तरी लोक लावत. हेडलाइटच्या वायरमधूनच जोड काढला जाई. मग स्विच वितळे, वायर करपे, बॅटरी बसे आणि सकाळी किक मारून मारून पाय दुखे.

ही कोंडी फुटली ती जपानमधल्या एका प्रयोगशाळेत. लाल आणि हिरवे एलईडी पूर्वीपासून होते, निळा प्रखर एलईडी बनत नव्हता आणि निळ्याशिवाय पांढरा प्रकाश नाही. निचिया कंपनीतल्या शुजी नाकामुरा यांनी 1993 साली प्रखर निळा एलईडी दाखवला. त्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर दिला की पांढरा उजेड मिळतो. इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि नाकामुरा यांना यासाठी 2014 साली नोबेल मिळालं. दालेननंतर बरोबर एकशे दोन वर्षांनी भौतिकशास्त्राचं नोबेल पुन्हा एकदा दिव्याला गेलं. दहा-दहा वॅटच्या दोन एलईडी दिव्यांना दोन अँपिअरही लागत नाहीत आणि प्रकाश मिळतो तो त्यांच्याहून कितीतरी पट वीज खाणाऱ्या हॅलोजनच्या बरोबरीचा. दीडशे सीसीच्या गाडीलाही दुसरा दिवा पोसणं परवडू लागलं. पुण्याच्या नाना पेठेपासून दिल्लीच्या करोल बागेपर्यंत दुकानांच्या काचा या दिव्यांनी भरल्या. मागच्या बाजूला उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पात्या, पुढे भिंगांची रांग, सोबत रिले आणि फ्यूज असलेली तयार वायरिंग.

शंभर वर्षांची तूट भरून निघाली, आणि तिथेच नवा प्रश्न उभा राहिला. एच-4 ने प्रकाशाची वरची कड कापायला शिकवली होती. स्वस्तातल्या एलईडी पट्ट्यांना ती कडच नसते. प्रकाश वर, खाली, आजूबाजूला सारखाच उधळतो. चालवणाऱ्याला वाटतं, केवढा उजेड! पण जवळचा रस्ता असा लख्ख उजळला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं उलट कमी दिसतं. धुक्यात तर वर गेलेला प्रकाश पाण्याच्या कणांवरून थेट चालवणाऱ्याच्याच डोळ्यांत परत येतो. आणि समोरून दोन पदरी रस्त्यावर बाईकवर बायको-मुलांना घेऊन येणारा जो असतो, त्याला काही क्षण काहीच दिसत नाही. त्या काही क्षणांत तो पन्नासेक मीटर आंधळा चालतो. हे मी अनेकदा समोरून अनुभवलं आहे, आणि मला त्याचा मनापासून संताप येतो.

पिवळ्या रंगाबद्दलही एक समज पक्का आहे की तो धुकं भेदतो. फ्रान्सने तर 1936 च्या कायद्याने हेडलाइट पिवळे केले आणि 1993 पर्यंत ते तसेच ठेवले. पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा बरेच मोठे असतात, त्यामुळे ते सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. पिवळ्या उजेडाने डोळ्यांना चमक थोडी कमी वाटते, एवढा फायदा मात्र आहे. धुक्यात खरं काम करतो तो दिवा खाली बसवलेला असणं आणि त्याचा झोत सपाट, वरून कापलेला असणं. रंगावर पैसे खर्च करण्याआधी झोताचा आकार बघावा.

कायद्याने हे सगळं आधीच सांगून ठेवलं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 106 वा नियम म्हणतो की पुढच्या दिव्याचा झोत कायम खाली झुकलेला हवा. आठ मीटर समोर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवता कामा नये. 111 वा नियम नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट लावायला मनाई करतो. हे नियम पाळण्यात दंडाची भीती हे सगळ्यांत दुय्यम कारण आहे.

जादा दिव्यांचं आणखी एक काम अलीकडे नीट कळलं आहे: दिसणं. 1 एप्रिल 2017 पासून आपल्या नव्या दुचाकींचे हेडलाइट कायम चालू असतात, ते त्यासाठीच. पण एका दिव्याची एक अडचण आहे. मोटार जवळ येते तेव्हा तिच्या दोन दिव्यांतलं अंतर वाढत जातं आणि त्यावरून मेंदू वेग ओळखतो. एकच ठिपका असला तर तो किती वेगाने येतोय हे कळत नाही, आणि समोरचा वळण घेऊन आडवा येतो. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजातल्या संशोधकांनी 2012 साली दाखवलं की त्रिकोणात मांडलेल्या तीन दिव्यांमुळे रात्री मोटारसायकलच्या वेगाचा अंदाज सुधारतो. रेल्वेने हे आधीच ओळखलं होतं. अमेरिकेत 1997 संपेपर्यंत बहुतेक इंजिनांवर खालच्या बाजूला दोन जादा दिवे सक्तीचे झाले, वरच्या हेडलाइटसोबत त्रिकोण व्हावा म्हणून. यासाठी प्रखर दिवे लागत नाहीत. मंद, खाली, आणि एकमेकांपासून जमेल तेवढे दूर असले की पुरतात. हार्लेच्या त्या जुन्या जोडीने जे नकळत साधलं होतं, ते आता मोजून सिद्ध झालं आहे.

तुम्ही प्रवासासाठी दिवे बसवणार असाल तर घ्या, जरूर घ्या. पण ज्यांच्या झोताला वरून स्वच्छ कड आहे असेच घ्या. रिले आणि फ्यूजमधूनच जोडा, आणि लांब पल्ल्याचे दिवे अप्परला जोडा, म्हणजे डिपर मारला की ते आपोआप विझतील. मागे बसणारं माणूस आणि सामान चढवूनच भिंतीसमोर आठ मीटरवर गाडी उभी करा, कारण मागे वजन आलं की झोत वर उचलला जातो. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा आणि झोताची कड त्या रेषेच्या निदान वीतभर खाली येईपर्यंत नट पक्के करू नका. आणि रस्त्यावर समोरून वाहन येताना दिसलं, की त्याने डिपर मारायची वाट न बघता आपले जादा दिवे आधी बंद करा.